गोव्याचा नाताळ: ताटात काय, ग्लासात काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर लागला की पुण्या-मुंबईचे नातेवाईक आणि मित्र साधारण तेच ते प्रश्न विचारतात. अर्धे जेवणाबद्दल, अर्धे बाटलीबद्दल. त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून ठेवलेली बरी. गोव्यात दारू पिण्याचं कायदेशीर वय २१ आहे, हे धरूनच पुढचं वाचावं.

गोव्यात नाताळ म्हणजे २५ डिसेंबरचा एकच दिवस का?

एका दिवसात काय होतंय! ३ डिसेंबरला जुन्या गोव्यात सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त (चर्चचा उत्सव) भरतं, तिथपासूनच वातावरण पालटतं. ८ तारखेला पणजीच्या पायऱ्यांवरच्या चर्चचं फेस्त. मग घरांना रंग लागतो, बांबूच्या कामट्यांची नक्षत्रं (चांदणीचे कंदील) वर चढतात आणि अंगणात गोठा, म्हणजे येशूच्या जन्माचा देखावा, उभा राहतो. गोठ्यातलं हिरवं शेत खरं दिसावं म्हणून काही दिवस आधी ताटलीत नाचणी पेरून ठेवतात. गावागावांत गोठ्यांच्या स्पर्धा लागतात आणि पोरं त्या फार मनावर घेतात.

३१ डिसेंबरला सरत्या वर्षाचा ‘ओल्ड मॅन’ जाळतात. जुन्या कपड्यांत गवत भरून केलेला हा म्हातारा रस्त्याकडेला खुर्चीत बसवलेला असतो आणि मुलं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या अडवून त्याच्या नावाने पैसे मागतात. सुटे पैसे जवळ ठेवा. सगळ्याचा शेवट होतो ६ जानेवारीला, तीन राजांच्या फेस्ताने. रेइश मागूश, कासावली आणि चांदर ही त्याची मुख्य ठिकाणं. नाताळच्या आठवड्यात खोल्या मिळत नसतील तर ६ तारखेला या. गर्दी ओसरलेली असते आणि सण अजून चालूच असतो.

२४ तारखेच्या रात्री काय असतं? पाहुण्याने कधी जावं?

मध्यरात्रीची मिस, म्हणजे चर्चची प्रार्थना. पुष्कळ ठिकाणी ती चर्चच्या पटांगणात उघड्यावर होते, नवे कपडे घालून अख्खा वाडा हजर असतो. मिस सुटली की एकमेकांना परबीं, म्हणजे सणाच्या शुभेच्छा, देणं, केकचा तुकडा, एखादा घोट आणि मग घर. वेळ प्रत्येक चर्चची वेगळी असते, आदल्या दिवशी विचारून घ्या. ख्रिस्ती नसलात तरी मागे उभं राहायला कोणी हरकत घेत नाही. फक्त मोबाइल वर धरून चित्रीकरण करू नका.

घरी जायचं तर २५ ला दुपारच्या जेवणाला, बोलावलं असेल तरच. नुसतं भेटायचं असेल तर संध्याकाळी. २६ तारीखही चालते, आणि यजमानीण त्या दिवशी जरा निवांत असते.

आम्ही हिंदू घरातले. शेजाऱ्यांनी बोलावलंय. काय न्यावं?

गोव्यात ही देवाणघेवाण जुनी आहे. दिवाळीत आपल्याकडून फराळाचं ताट जातं, नाताळात त्यांच्याकडून ‘कोन्सुआद’ येते: नेवऱ्या, कुलकुलं, दोस, दोदोल, बेबिंकाची कापं, वर क्रोशाचं नाहीतर पांढरंशुभ्र फडकं. रिकामं ताट परत करू नये हे दोन्हीकडे सारखंच. घरी केलेले बेसनाचे लाडू किंवा चिवडा न्या. त्या आठवड्यात त्यांच्या घरात गोडाचा महापूर असतो, त्यामुळे चिवडा आधी संपतो.

बाटली न्यायला हरकत नाही, उलट आवडेल. पण ती तिथेच उघडली जाईल अशी अपेक्षा ठेवू नका. घरमालकाने आपलं काय काढायचं ते ठरवलेलं असतं. आणि मार्गशीर्षातला गुरुवार पाळत असाल (काही वर्षी तो नेमका नाताळच्या आठवड्यात येतो) तर आधीच सांगून टाका. इथल्या लोकांना ते कळतं. पानावर बसल्यावर सांगितलं तर मात्र स्वयंपाकघरात धावपळ होते.

जेवणात नेमकं काय काय असतं? शाकाहारी माणसाचं काय?

मानाचा पदार्थ सोरपोतेल. डुकराचं मांस आणि काळीज आधी उकडून, बारीक चौकोनी तुकडे करून, तळून, लाल मिरची, लसूण, गरम मसाला आणि माडाच्या सुरेच्या (ताज्या माडीच्या) व्हिनेगरमध्ये शिजवतात. २२-२३ तारखेलाच करून ठेवतात आणि रोज एकदा गरम करतात. तिसऱ्या दिवशी ते खरं लागतं. त्याच्याबरोबर सुरेने आंबवलेल्या, वाफवलेल्या सान्ना, इडलीसारख्या. सूर आता सहज मिळत नाही, म्हणून बऱ्याच घरांत यीस्टवर भागवतात. त्याशिवाय शाकुती, काफ्रियाल, चोरीस (डुकराच्या मांसाचं मसालेदार सॉसेज) घातलेला पुलाव, भाजलेली जीभ, कोळंबीचे रिसोइस (सारण भरून तळलेल्या करंज्या), पोटॅटो चॉप (खिमा भरलेले बटाट्याचे पॅटीस). मोठ्या घरात अख्खं भाजलेलं डुकराचं पिल्लू, म्हणजे लेतांव.

शाकाहारी माणसासाठी मुख्य जेवण तोकडंच असतं, खोटं कशाला सांगू. गोडात मात्र चंगळ आहे. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाच्या काळ्या गुळाचा. दोस चण्याची डाळ आणि खोबऱ्याची. नेवऱ्या म्हणजे आपल्या करंज्याच. पेराद म्हणजे पेरूची वडी. या चारांत साधारणपणे अंडं नसतं. बेबिंकामध्ये अंड्याचे बलक भरपूर असतात, आणि कुलकुलांत घरागणिक फरक, म्हणून विचारून खा.

वाइनच्या पुस्तकातले नियम इथे का फसतात?

कारण ते नियम लोणी, साय आणि साध्या भाजलेल्या मांसासाठी घडले. तांबड्या मांसाला तांबडी वाइन, माशाला पांढरी, हे तिथे ठीक आहे. गोव्याच्या नाताळचं जेवण चार गोष्टींवर उभं आहे: व्हिनेगर, मिरची, नारळ आणि गूळ. वाइन निवडायची ती या चौघांकडे बघून. मांस कुठलं हा नंतरचा प्रश्न.

मिरचीचा जाळ अल्कोहोलमुळे वाढतो. साडेचौदा टक्क्यांची दणकट रेड तिखट विंदालूवर प्यायली की तोंड पेटतं. टॅनिन, म्हणजे रेड वाइनचा तो तुरट, जीभ आवळणारा गुण, मिरचीसमोर आणखी कडू लागतो. व्हिनेगरपुढे मऊ, कमी आंबट वाइन पाणचट होते, म्हणून वाइनही आंबटाला उभी राहणारी हवी. चवीपुरता गोडवा असलेली वाइन मिरचीला शांत करते. आणि गोड पदार्थापुढे वाइन त्या पदार्थाहून गोड हवी, नाहीतर ती आंबूस लागते.

जाता जाता, विंदालूचा इतिहास गमतीचा आहे. पोर्तुगालमध्ये मांस वाइन आणि लसणात मुरवत. गोव्यात द्राक्षं नव्हती, माड होते. वाइनची जागा माडाच्या व्हिनेगरने घेतली आणि वर मिरची आली, तीही पोर्तुगीजांच्याच जहाजातून. म्हणजे ज्या पदार्थातून वाइन बाहेर गेली, त्याच्याबरोबर कुठली वाइन प्यायची याची चर्चा आपण करतोय.

मग सोरपोतेलबरोबर काय घ्यायचं?

माझं मत स्पष्ट आहे: किंचित गोडसर शेनिन ब्लां ही पांढरी वाइन, चांगली थंड केलेली. नाशिकच्या बहुतेक वायनरी ती करतात आणि खिशालाही झेपते. तिचा आंबटपणा व्हिनेगरला पुरतो, गोडवा मिरचीला. दुसरा पर्याय गुलाबी स्पार्कलिंग. सोरपोतेलवर चरबीचा जो तवंग असतो तो बुडबुडे साफ धुऊन काढतात.

रेडच हवी असा हट्ट असेल तर हलकी, कमी टॅनिनची घ्या, पिनो न्वार किंवा गामे जातीची, आणि वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवून मग ओता. ओकच्या पिंपात मुरलेली महागडी कॅबर्ने सोविन्यों सोरपोतेलला देऊ नका. दोघांचंही नुकसान आहे.

बाकीच्या पदार्थांना?

काफ्रियाल म्हणजे कोथिंबीर, हिरवी मिरची, आलं-लसूण आणि लिंबू. हिरव्या मसाल्याला हिरवट वासाची सोविन्यों ब्लां फार छान जाते. पोर्तुगालची विन्यो व्हेर्द मिळाली तर तीही, कारण हलकी असते आणि अल्कोहोल कमी.

कोळंबीचं काल्दीन, म्हणजे पिवळ्या नारळाच्या रसातलं सौम्य कालवण. त्याला जरा भरलेली, फळांच्या वासाची पांढरी वाइन हवी. व्हियोन्ये बघा. रेशाद मसाला भरलेला बांगडा मात्र सोरपोतेलच्याच घरातला, मिरची आणि व्हिनेगर, म्हणून नियमही तोच.

रेडची खरी जागा शाकुतीजवळ आहे. भाजलेलं खोबरं, खसखस, दालचिनी, मिरी. व्हिनेगर नाही आणि तिखट असलं तरी खोल चवीचं. इथे मऊ शिराझ, झिनफांडेल किंवा पोर्तुगालच्या आलेंतेजू भागातली रेड शोभते. भाजलेल्या जिभेला आणि रोस्ट बीफलाही रेडच.

लेतांवचं उत्तर पोर्तुगालनेच देऊन ठेवलंय. तिथला बाइर्रादा हा भाग भाजलेल्या पिल्लासाठी प्रसिद्ध आहे आणि ते त्याच्याबरोबर स्थानिक स्पार्कलिंग वाइन पितात. कुरकुरीत कातडी, खाली चरबी, वर मीठ. याला बुडबुड्यांशिवाय काही सुचू नये.

शँपेन आणि स्पार्कलिंग वाइन एकच का?

आपल्याकडे फेसाळणारी कुठलीही बाटली ‘शँपेन’च असते, लग्नात उडवतात ती सुद्धा. कायद्याने शँपेन फक्त फ्रान्सच्या शँपेन प्रांतातली. मुख्यतः तीन द्राक्षं, शार्दने, पिनो न्वार आणि मुनिए. दुसऱ्यांदा आंबवणं त्याच बाटलीत होतं आणि साधी शँपेनही बाजारात येण्यापूर्वी किमान १५ महिने मुरलेली असते. विशिष्ट सालाची असेल तर किमान ३ वर्षं. किंमत त्यामुळेच. स्पेनची कावाही बाटलीतच आंबते. इटलीची प्रोसेको बहुतेक वेळा मोठ्या टाकीत आंबवतात, म्हणून स्वस्त आणि फळाळ.

मराठी माणसाला हेही माहीत असावं की नारायणगावच्या इंडेज कंपनीने १९८०च्या दशकात शँपेनच्या पद्धतीने वाइन काढून ‘ओमर खय्याम’ नावाने परदेशात विकली होती. आज नाशिकच्या सुला आणि यॉर्क, दिंडोरीची शांदों, यांच्या स्पार्कलिंग गोव्याच्या दुकानांत सहज मिळतात.

मग नाताळला खरी शँपेन घ्यावीच का?

एक बाटली, मिसेनंतर, रिसोइस किंवा कोळंबीच्या तळलेल्या पदार्थाबरोबर, चार-पाच माणसांत. तेव्हा तिची चव कळते. बारा प्रकारच्या मसाल्यांबरोबर, वीस जणांत, प्लास्टिकच्या पेल्यात ओतणार असाल तर देशी घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगलं चीज आणा.

तळलेलं आणि खारट हे बुडबुड्यांचं माहेर आहे. पोटॅटो चॉप, बटाट्याचे वेफर, काजू, चोरीस भरलेला पाव. नाताळचं पहिलं ताट असतं तेच सगळं.

लेबलवरचं ‘ब्रूट’, ‘एक्स्ट्रा ड्राय’ कसं वाचायचं?

ते साखरेचं माप आहे. ब्रूटमध्ये लिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी साखर. एक्स्ट्रा ड्राय १२ ते १७, म्हणजे नावावरून वाटतं त्याच्या उलट ती ब्रूटहून गोडसर. देमी-सेक ३२ ते ५०. तळणीबरोबर ब्रूट, तिखटाबरोबर एक्स्ट्रा ड्राय, केकबरोबर देमी-सेक. केक कापताना ब्रूट उघडायची आपली सवय सिनेमातून आलेली. केकच्या घासानंतर ती लिंबूपाण्यासारखी आंबट लागते.

बेबिंका आणि दोदोलबरोबर काय?

बेबिंकाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. नारळाचं दूध, बलक, साखर, तूप, मैदा, जायफळ. एक थर भाजून झाला की त्यावर दुसरा, आच वरून. सात थर तरी हवेत, हौशी लोक सोळापर्यंत जातात. त्याच्या करपट-गोड चवीला उशिरा खुडलेल्या द्राक्षांची, लेट हार्वेस्ट वाइन लागते. भारतात सुलाची लेट हार्वेस्ट शेनिन ब्लां आहे. पोर्तुगालहून कोणी येणार असेल तर मोशकातेल द सेतुबाल ही गोड वाइन मागवा.

दोदोलला टॉनी पोर्ट, पोर्तुगालची गोड, कडक वाइन. वर्षानुवर्षं लाकडी पिंपात राहिल्याने तिला सुका मेवा आणि कॅरॅमलचा वास येतो आणि माडाच्या गुळाशी तो असा काही जुळतो की दोघं एकाच गावचे वाटतात. रममध्ये भिजवलेल्या मनुकांच्या केकला रूबी पोर्ट किंवा मदेइरा. मदेइराचा तर आपल्या समुद्राशी संबंध आहे: भारताच्या वाटेवर जहाजाच्या पोटात, उष्ण कटिबंधात तापून आलेली ही वाइन जास्त चांगली लागते हे लोकांच्या लक्षात आलं आणि पुढे ती मुद्दाम तापवूनच करू लागले.

पेरादबरोबर वाइनच्या आधी खारट चीजचा तुकडा खा.

गोव्याचं ‘पोर्ट’ खरं पोर्ट असतं का?

नसतं, आणि त्याने काही बिघडत नाही. पोर्ट पोर्तुगालच्या दोरू नदीच्या खोऱ्यातली. त्या प्रदेशाच्या सीमा १७५६ मध्येच आखल्या गेल्या. आंबण्याची क्रिया मध्येच द्राक्षाची स्पिरिट घालून थांबवतात, म्हणून साखर शिल्लक राहते आणि अल्कोहोल १९ ते २२ टक्क्यांपर्यंत जातं. गोव्यात त्या नावाने मिळते ती स्वस्त, गोड, जांभळट-तांबडी वाइन. द्राक्षं घाटावरून येतात.

वाइनचे जाणकार तिच्याकडे नाक मुरडतात. पण नाताळच्या संध्याकाळी आजी-आत्यांच्या हातातल्या छोट्या ग्लासात तीच असते, आणि प्लम केकबरोबर थंड करून ती मस्त लागते. दोरूच्या टॉनीची अपेक्षा ठेवून पिऊ नका, एवढंच. गावठी घरगुती वाइन कोणी पुढे केली, बिटाची, आल्याची, जांभळाची, तर नाही म्हणू नका. ती सहसा केकबरोबरच ठेवलेली असते.

फेणी कुठे बसते?

जेवणाच्या आधी किंवा एकदम शेवटी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय आणि साधारण ४२ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल असतं, त्यामुळे सोरपोतेलबरोबर घोट घोट घेणं म्हणजे आगीत तेल. लिंबू, मीठ, सोडा घालून सुरुवातीला घ्या. उर्राक, म्हणजे काजूची पहिल्या धारेची हलकी दारू, मात्र डिसेंबरात मागू नका. तो काजूच्या हंगामातला, मार्च-एप्रिलचा. ‘ताजा उर्राक’ म्हणून कोणी नाताळात देत असेल तर चार प्रश्न विचारा.

किती थंड करायची आणि किती आणायची?

‘रूम टेंपरेचर’ हा शब्द थंड युरोपातल्या खोलीचा. गोव्यात डिसेंबरच्या दुपारीही पारा ३० च्या पुढे जातो, म्हणून रेडसुद्धा थोडी गार हवी, १५-१६ अंशांवर. पांढरी आणि स्पार्कलिंग ८ अंशांच्या आसपास: फ्रिजमध्ये तीन-चार तास. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. अर्ध्या तासात काम होतं. नुसत्या बर्फात बाटली नीट गार होत नाही, पाणी लागतंच.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत स्पार्कलिंगचे सहा ग्लास होतात, साध्या वाइनचे पाच. दहा माणसांच्या दुपारच्या जेवणाला दोन स्पार्कलिंग, तीन पांढऱ्या किंवा गुलाबी, दोन रेड आणि गोड वाइनची एक छोटी बाटली भरपूर झाली. परत जाताना गाडी चालवणाऱ्याला यातून वगळा. रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमची मर्यादा आहे आणि नाताळात पोलीस उभे असतात.

शँपेनचं बूच उडवावं का?

खेळात जिंकला असाल तर उडवा. बाटलीत साधारण सहा वातावरणांचा दाब असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, आणि छताचा पंखा जवळच असतो. बाटली आधी नीट गार करा, तार सोडवताना अंगठा बुचावर ठेवा, बाटली तिरकी धरून बूच घट्ट पकडा आणि फिरवायची ती बाटली. हळूच ‘फुस्स’ झालं की जमलं.

घरात न पिणारेही आहेत. त्यांना काय द्यावं?

कोकम सरबत, सोडा घालून, साखर कमी. आंबट, किंचित गोड आणि बुडबुडे: सोरपोतेलबरोबर वाइनकडून जे मागितलं ते सगळं त्यात आहे. शाकुतीला सोलकढी. मुलांना मोठ्यांसारख्याच उंच ग्लासात द्या, तेवढ्याने ती खूश.

गोव्यातून बाटल्या महाराष्ट्रात नेता येतात का?

परवान्याशिवाय नाही. गोव्यातल्या बाटल्यांवर त्या फक्त गोव्यात विकण्यासाठी असल्याचं छापलेलं असतं आणि महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा १९४९ पासून लागू आहे. बांदा-इन्सुलीच्या बाजूला नाताळ-नववर्षात तपासणी कडक होते. ‘दोनच आहेत’ हे कारण चालत नाही. त्यापेक्षा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून माडाचं व्हिनेगर, काळा गूळ आणि चोरीसची माळ न्या. वाइन तशीही नाशिकची, ती घरी पोचल्यावर घ्या. गोव्यातही किनाऱ्यावर उघड्यावर पिणं दंडनीय आहे.

उघडलेली बाटली उरली तर?

साधी वाइन बूच लावून फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकते, रेडसुद्धा फ्रिजमध्येच ठेवा. स्पार्कलिंगला घट्ट बसणारं खास झाकण मिळतं. त्याने एक-दोन दिवस फेस राहतो. बाटलीच्या तोंडात चमचा उलटा ठेवण्याचा उपयोग काहीच होत नाही. पोर्ट आठवडाभर सहज जाते, टॉनी त्याहून जास्त. आणि २७ तारखेला उरलेलं सोरपोतेल पोदेराच्या (पाववाल्याच्या) गरम पोयात, म्हणजे गव्हाच्या गोल पावात, भरून खाताना त्या उरलेल्या शेनिन ब्लांचा शेवटचा ग्लास काढा. त्या दिवशी सोरपोतेल सगळ्यात चांगलं लागतं.